नसते उद्योग

आमच्या साताऱ्याच्या घरात एके काळी दूध वर आलं की चिमणी ओरडायची.

खरी चिमणी नव्हे, बाबांनी बसवलेली. कपड्याच्या हँगरची तार वाकवून त्यांनी पातेल्याच्या काठाला अडकेल असा एक घोडा केला होता. घोड्याच्या मधोमध तारेचं कडं, आणि त्या कड्यातून आईची स्वेटर विणायची धातूची सुई, खालीवर सरकेल इतपत सैल. सुईच्या खालच्या टोकाला पावडरच्या डब्याचं पातळ अ‍ॅल्युमिनियमचं झाकण. ते दुधावर तरंगायचं. दूध चढलं की झाकण चढणार, झाकणाबरोबर सुई चढणार, आणि तिचं टोक वरच्या पितळी पट्टीला टेकलं की सर्किट पुरं. पट्टी जुन्या बटणातून काढलेली. दोन सेल, हातभर वायर आणि शेवटी एक बेल. आमच्याकडे तेव्हा लाईट सारखी जायची, म्हणून बाबांनी दारालाही सेलवरची बेल लावली होती, चिमणीच्या आवाजाची. तसलीच दुसरी त्यांनी या कामाला आणली, कारण दुकानात तेवढीच शिल्लक होती.

तांब्याने पाणी ओतून तीन चाचण्या झाल्या. तिन्ही वेळा चिमणी वेळेवर ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या दुधावर प्रयोग झाला. चिमणी ओरडली, अगदी ऐन वेळेला. आई ओट्यापासून उठली आणि दार उघडायला गेली. दाराशी कोणी नाही. परत येते तो दूध शेगडीवर, ओट्यावर, आणि ओट्यावरून खाली ठेवलेल्या कांद्याच्या टोपलीत. त्याच्या पुढच्या दिवशी आई सावध होती. चिमणी ओरडताच ती दुधाकडे धावली. दूध निवांत होतं. दाराशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या आणि बेल दाबून दाबून कंटाळून निघून गेल्या. बाबांनी दोन्ही घटनांचा नीट विचार केला आणि यंत्रात काही दोष नाही, दाराची बेल बदलायला हवी, असा निष्कर्ष काढला.

आई म्हणाली, "नसते उद्योग."

हा शब्द मी लहानपणी इतक्या वेळा ऐकला, की बाबांचं ते एक पदच आहे असं मला वाटायचं. जिल्हा परिषदेत हेडक्लार्क आणि घरी नसते उद्योग. पुढे केव्हातरी त्या शब्दाकडे नीट पाहिलं आणि चकितच झाले. उद्योग तर आहे. डोळ्यांसमोर तारा, सुया, सांडलेलं दूध सगळं आहे. आणि तरी तो 'नसता'. मराठीने या प्रकारच्या माणसासाठी शब्दांची कोठीच भरून ठेवलीय. उपद्व्याप, उचापती, खटाटोप, लष्कराच्या भाकऱ्या. आणि सगळ्यांवर कडी करणारा तो रिकामा न्हावी, कुडाला तुंबड्या लावणारा. म्हणीचा अर्थ सगळे सांगतात, पण ते चित्र जरा डोळ्यांपुढे आणून बघा. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, आणि हा गृहस्थ मातीच्या भिंतीतलं दूषित रक्त काढायला बसलाय, तेही पूर्ण धंदेवाईक गांभीर्याने. मला तो न्हावी फार आवडतो. भिंतीला बरं वाटलं का, ते मात्र म्हण सांगत नाही.

जुगाड वेगळा. मोटारसायकलच्या मागे नांगर जोडणं, पाण्याच्या बाटलीचं शॉवर करणं, याचं कौतुक हल्ली मॅनेजमेंटच्या वर्गातही होतं. व्हायलाही हवं. पण जुगाडाला आधी अडचण लागते. पैसा नाही, सुटा भाग मिळत नाही, वेळ नाही, म्हणून डोकं चालवायचं. नसत्या उद्योगाला अडचण लागतच नाही. उद्योग झाल्यावर ती निर्माण होते. बाजारात शिट्टीचं दुधाचं भांडं मिळत होतं. आईने ते बाबांना दोनदा दाखवलंही होतं. बाबांना ते भांडं नको होतं असं नाही. त्यांना ती सुई पट्टीला टेकताना बघायची होती.

अशा माणसांना जपानमध्ये एक घर मिळालं. 'चिंदोगू' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्यात चिंध्या आणि भोंगा दोन्ही ऐकू आलं. जपानीत 'चिन' म्हणजे विचित्र, आगळं आणि 'दोगू' म्हणजे अवजार. हा शब्द रूढ केला केंजी कावाकामी यांनी, १९८० च्या दशकात. घरबसल्या टपालाने वस्तू मागवणाऱ्या गृहिणींसाठी एक मासिक निघायचं, त्याचं संपादन ते करायचे. एकदा अंकाची काही पानं रिकामी राहिली. संपादकाला रिकामी पानं म्हणजे काय असतं, ते ज्याने दिवाळी अंकाच्या छपाईच्या रात्री प्रेसमध्ये काढल्यात त्यालाच ठाऊक. कावाकामींनी त्या पानांवर आपल्याच डोक्यातून निघालेल्या, कुठेही न मिळणाऱ्या वस्तू छापल्या. एक चष्मा, ज्याच्या काचांवर नरसाळी बसवलेली, डोळ्यांत औषधाचे थेंब बरोबर पडावेत म्हणून. आणि एक सौरऊर्जेवर चालणारी विजेरी. म्हणजे लख्ख ऊन असेल तेव्हाच लागणारी.

वाचकांना ते आवडलं आणि मग वस्तूंची रांगच लागली. मांजराच्या चारही पायांत घालायचे फडक्याचे बूट, म्हणजे मांजर हिंडेल तशी फरशी पुसली जाईल. रांगत्या बाळाच्या अंगरख्याला पुढून शिवलेला पोछा, तत्त्व तेच. सर्दी झालेल्या माणसाच्या डोक्यावर बांधायचा टॉयलेट पेपरचा रोल, हात वर केला की रुमाल हजर. नूडल्स गार करायला चॉपस्टिकला लावलेला इवलासा पंखा. डिंकाच्या कांडीसारखी फिरवून वर काढायची लोण्याची कांडी. बुटांच्या टोकांवर दोन छोट्या छत्र्या. आणि पाठीवर नकाशासारखे चौकोन छापलेला सदरा: खाज कुठे सुटलीय ते नवऱ्याला "जरा वर, नाही, डावीकडे, तुझ्या नाही माझ्या डावीकडे" असं सांगत बसण्यापेक्षा चौकोनाचा नंबर सांगून मोकळं व्हायचं. हा शेवटचा मला मनापासून हवाय.

हसून झालं की मग चिंदोगूचे नियम वाचावेत. एकूण दहा आहेत. वस्तू खरोखर वापरण्याजोगी असता कामा नये, पण ती नुसती कागदावर असूनही चालत नाही. हातात धरता येईल अशी बनवावीच लागते. ती रोजच्या जगण्यातल्या कशासाठी तरी असली पाहिजे. ती विकायची नाही, गंमत म्हणूनही नाही. तिचं पेटंट घ्यायचं नाही. आणि मला सगळ्यांत आवडलेला नियम असा: निव्वळ हसवण्यासाठी ती बनवायची नाही. अडचण खरी असली पाहिजे आणि ती सोडवायची इच्छाही खरी.

मी बाबांच्या चिमणीला हे नियम लावून पाहिले. वस्तू अस्तित्वात होती. रोजच्या जगण्यातली होती. वापरता येत नव्हती, याला आई आणि शेजारच्या काकू साक्षीदार. विकायचा प्रश्न नव्हता. विनोद हा हेतू तर अजिबातच नव्हता. कुणी हसलं की बाबांना राग यायचा. सगळ्या नियमांत चिमणी बसते.

कावाकामींच्या दुनियेत एक अपघातही झाला. १९९५ साली चिंदोगूचं जे इंग्रजी पुस्तक निघालं, त्यात एक काठी होती. टोकाला कॅमेरा लावायचा, हात लांब करायचा आणि आपलाच फोटो आपणच काढायचा. तशा काठीचं पेटंट कॅमेरा बनवणाऱ्या जपानी माणसांनी १९८० च्या दशकातच घेतलेलं होतं, पण ते खपलं नव्हतं. चिंदोगूवाल्यांनी तिला खुळ्या वस्तूंच्या पंगतीत बसवलं. पुढे फोनला पुढचा कॅमेरा आला, आणि आता सिंहगडावर कणीस भाजणाऱ्या मावशींच्या शेजारीही ती काठी टांगलेली असते. चिंदोगूच्या हिशेबाने ही काठी बाटली. उपयोगी निघाली, विकली गेली.

इथे हटकून भौतिकशास्त्रज्ञ आंद्रे गाइम यांचं नाव येतं, म्हणून उरकून टाकते. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९९७ साली १६ टेस्लाच्या आसपासच्या प्रचंड चुंबकीय क्षेत्रात एक जिवंत बेडूक अधांतरी तरंगवला. शरीरातलं पाणी चुंबकाला किंचित दूर ढकलतं, क्षेत्र पुरेसं जबर असेल तर तेवढ्यावर बेडूक उचलला जातो. बेडकाला काही झालं नाही. आधी हसू येतं आणि मग विचार करायला लागतो अशा संशोधनाला दिलं जाणारं इग्नोबेल पारितोषिक त्यांना यासाठी २००० साली मिळालं. एका शोधनिबंधात त्यांनी आपल्या हॅम्स्टरचं नावही सहलेखक म्हणून घातलं होतं. मग मँचेस्टरमध्ये चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे सोलत बसण्याच्या अशाच एका उद्योगातून ग्राफीन, म्हणजे कार्बनचा जेमतेम एका अणूइतका पातळ पापुद्रा, हाताला लागलं आणि २०१० साली खरं नोबेल आलं. गोष्ट छान आहे. पण ती नसत्या उद्योगांच्या बचावासाठी सांगितली जाते तेव्हा मला खटकते. "बघा, यातून नोबेलही मिळू शकतं" म्हणजे पुन्हा उपयोगच आला. ज्याला चिकटपट्टीतून नुसताच चिकटपट्टीचा गोळा मिळाला, त्याचं काय?

त्याचा विचार करताना मला फ्रान्समधला एक पोस्टमन आठवतो.

फर्दिनां शव्हाल. जन्म १८३६. आधी पाववाल्याकडे उमेदवारी केलेली, मग टपाल खात्यात. फ्रान्सच्या आग्नेयेला ड्रोम भागात ओतरीव्ह नावाचं खेडं आहे, तिथली बीट त्याच्याकडे होती. रोज तीसेक किलोमीटर चालणं, वाड्या-वस्त्यांवर पत्रं टाकत. चालताना माणूस काय करणार? हा मनात महाल बांधायचा. सोबतीला पिशवीतली टपालाची चित्रकार्डं आणि सचित्र मासिकं होतीच. दुसऱ्यांच्या नावाने आलेलं जग हा वाटेत बघून घेत असणार.

१८७९ च्या एप्रिलमध्ये चालता चालता त्याला एका दगडाची ठेच लागली. पडता पडता वाचला. वय ४३. कशाने ठेच लागली म्हणून बघतो तर दगड असा काही विचित्र, सुंदर आकाराचा, की त्याने तो रुमालात गुंडाळून खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी आणखी तसेच दगड सापडले. त्याने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलंय, त्याचा आशय असा की निसर्गच जर शिल्पं घडवायला बसला असेल, तर गवंडीकाम आणि बांधकाम मी बघतो.

आणि बघितलं. गवंड्याची थापी कधी हातात धरलेली नाही, शिल्पकाराची छिन्नी नाही. आधी दगड खिशातून यायचे. बायको खिसे शिवून शिवून दमली असेल. मग टोपलीतून, मग हातगाडीतून. पत्रं वाटताना वाटेवर दगडांचे ढीग करून ठेवायचे आणि संध्याकाळी हातगाडी घेऊन पुन्हा चालत जाऊन ते आणायचे. रात्री कंदिलाच्या उजेडात बांधकाम. गावाने वेडा ठरवला. साहजिक आहे, मी त्या गावात असते तर मीही ठरवला असता.

तेहतीस वर्षांनी, १९१२ साली, महाल पुरा झाला. साधारण २६ मीटर लांब. त्यात इजिप्तची आठवण आहे, मशीद आहे, स्विस लाकडी घर आहे, मध्ययुगीन किल्ला आहे आणि एक हिंदू देऊळही आहे. भारत काय, फ्रान्सही त्याने धड पाहिलेला नव्हता. एका बाजूला तीन उंचच उंच राक्षसी पुतळे उभे आहेत: सीझर, गॉलचा सरदार व्हर्सिंजेटोरिक्स आणि आर्किमिडीज. या तिघांचं एकमेकांत काय काम, असं विचारायचं नाही. मी तिथे गेलेले नाही, फोटोच पाहिलेत. त्यात मला आधी देवळाच्या गोपुरासारखं काहीतरी दिसतं, मग वारूळ दिसतं, मग समुद्रकाठच्या खडकावर चिकटलेली कालवं. कुठे सरळ रेघ नाही, हाताएवढी कोरी जागा नाही. आणि महालात राहता येत नाही. खोल्याच नाहीत. आत एक बोळ आहे आणि गच्ची आहे. ती हातगाडी त्याने महालातच मानाने जागा देऊन ठेवलीय आणि ठेच लागलेला तो दगडही.

भिंतीवर त्याने हिशेब कोरून ठेवलाय: १० हजार दिवस, ९३ हजार तास, ३३ वर्षांचे कष्ट. एका माणसाचं काम, असंही. मी हेडक्लार्कची मुलगी, मी गणित करून पाहिलं. ३३ वर्षांचे दिवस १२ हजारांच्या वर होतात. म्हणजे सुट्ट्या दोन हजारांच्या आसपास. आठवड्याला एक, आणि वरती वर्षाकाठी दहाएक. सरकारी माणसाच्या सुट्ट्या बरोबर जुळल्या. दिवसाला सरासरी सव्वानऊ तास मात्र मला जरा जास्त वाटतात, पण निवृत्त झाल्यावर त्याने भर काढली असेल.

त्याला त्या महालातच पुरून घ्यायचं होतं. कायद्याने परवानगी दिली नाही. मग हा अठ्ठ्याहत्तरीला टेकलेला माणूस गावच्या दफनभूमीत गेला आणि पुन्हा हातगाडी, पुन्हा दगड, अशी आठ वर्षं खपून त्याने स्वतःचं थडगं बांधलं. ते पुरं झाल्यावर दोनेक वर्षांनी, १९२४ च्या ऑगस्टमध्ये तो त्यात जाऊन झोपला. पुढे १९६९ मध्ये सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी त्या महालाला संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला.

ही गोष्ट मी आईला फोटो दाखवत सांगितली होती. तिने चष्मा वर करून नीट पाहिलं. "केलंय खरं," म्हणाली. मग विचारलं, "घरात कोण कोण होतं त्याच्या?"

मी सांगितलं. पहिली बायको गेलेली. दुसरी क्लेअर-फिलोमेन. तिच्यापासून एक मुलगी, आलीस, नेमकी महाल सुरू झाला त्याच वर्षी जन्मलेली, आणि ती पंधरा वर्षांची होऊन गेली.

आईने फोन परत दिला. "एका माणसाचं काम म्हणे," म्हणाली. "त्याला रात्री दोन घास गरम करून कोण देत होतं, तेही कोरायचं होतं भिंतीवर. जागा होती की."

त्यानंतर मला तो शिलालेख नुसता वाचता येत नाही.

चंदीगडच्या नेकचंद यांची गोष्ट याच घराण्यातली. फाळणीत पलीकडचं गाव सुटलेलं, इकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षकाची नोकरी. ल कोर्ब्युझिए चंदीगड आखत होते, सगळं सरळ, काटकोनात. त्या नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा नेकचंद सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत राहिले. १९५७ च्या सुमाराला सुरुवात केली ती चोरून, कारण जमीन सरकारी होती आणि तिथे काही बांधायला मनाई होती. फुटक्या कपबशा, विजेची सॉकेटं, मोडकी भांडी, आणि बांगड्या, ढिगांनी फुटक्या बांगड्या. त्यांतून बायका, माकडं, सैनिक, मोर उभे राहिले. दीडेक तप कुणाला पत्ता नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्याला सरकारी अधिकाऱ्यांना तो शोध लागला तेव्हा पाडापाडीची भाषा झाली. शेवटी १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन लोकांना खुलं झालं आणि नेकचंदना त्याच कामाचा पगार आणि हाताखाली माणसं मिळाली. सरकारने इतका शहाणपणा दाखवल्याची दुसरी उदाहरणं मला चटकन आठवत नाहीत. मी शाळेच्या सहलीत ते पाहिलं तेव्हा बाईंनी विचारलं, काय आवडलं? मी म्हटलं, बांगड्यांची बाई. तिचे हातच नव्हते. ती आख्खीच बांगड्यांची होती.

पुण्यात आल्यावर नसत्या उद्योगाचं मोठं ठाणं मला बाजीराव रस्त्याजवळ सापडलं. राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर 'अज्ञातवासी' या नावाने कविता करायचे. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून ते गावोगाव हिंडले आणि लोकांच्या माळ्यावरची, परसातली, अडगळीतली भांडीकुंडी गोळा करत राहिले. वीस हजारांच्या वर वस्तू जमल्या. राजा हे संस्थानिकाचं नाव नाही, लहानपणीच गेलेल्या त्यांच्या मुलाचं आहे. सगळा संग्रह त्याच्या नावाने करून त्यांनी सरकारला देऊन टाकला.

पाहुणे मस्तानी महाल बघायला जातात. मी वज्रींपाशी थांबते. वज्री म्हणजे टाच घासायची ठोकळी. हल्ली प्लास्टिकच्या मिळतात, तेव्हा पितळी असायच्या. खालून खरखरीत, वरून धरायला मूठ. आता टाच घासायच्या वस्तूला मूठ म्हणून एक गोळा बसवला तरी भागतं. पण इथे मुठीच्या जागी पक्षी बसलेत, जनावरं आहेत. अडकित्त्यांचंही तेच: सुपारी कातरायला दोन पाती पुरेत, तिथे पोपट, घोडे, एकमेकांना बिलगलेली जोडपी. अडकित्ता निदान बैठकीत पानाच्या तबकात चार जणांपुढे यायचा. वज्री न्हाणीत. तिच्यावरचा पक्षी दिसणार कोणाला, तर पाटावर वाकून टाच घासणाऱ्या एकट्या बाईला, तेही डोळ्यांत साबण गेला नसेल तर. ज्या कुणी तांबटाने त्या पक्ष्याची चोच ठीक करण्यासाठी कानस पुन्हा एकदा फिरवली असेल, त्याच्या घरीही कुणीतरी "झालं का नाही अजून?" म्हणून हाक मारली असणार.

त्या काचेच्या कपाटापुढे उभी असताना मला पहिल्यांदा रुखवताची आठवण झाली, आणि आईची.

कारण बाबांना उठताबसता नसते उद्योग म्हणणारी माझी आई रुखवत करायची. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कुठेही लग्न निघालं की दोन महिने आधीपासून आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. खोबऱ्याच्या वाटीवर टाचणीने आखून मग धारदार सुरीने कोरलेली जाळी. साखरेचं तुळशीवृंदावन. आगपेटीच्या काड्यांची बैलगाडी, जिची चाकं फिरायची. आणि ती का फिरावीत याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं. पण तिचा हातखंडा सुपाऱ्यांचं लग्न लावण्यात. मोठी रोठा सुपारी धडाला, पूजेची लहान सुपारी डोक्याला, मध्ये फेविकॉल. नवरीला हिरव्या खणाच्या चिंधीची साडी, नऊवारी, काष्ट्यासकट, जो मागून कुणी बघणार नव्हतं. नवऱ्याच्या मुंडावळ्या मोहरीएवढ्या मण्यांच्या. अंतरपाट रुमालाच्या तुकड्याचा, हिराच्या दोन काड्यांवर ताणलेला, आणि त्यावर कुंकवाने स्वस्तिक. भटजी सगळ्यांत शेवटी. त्याला लाल क्रेप कागदाचं पागोटं, काळ्या दोऱ्याची शेंडी. डोळे काडीच्या टोकाने काढलेले. एकदा डोळे जरा जवळ आले आणि भटजी तिरळा झाला, तर तिने रात्री अकरा वाजता ते डोकं उपटून फेकलं आणि दुसरी सुपारी घेतली. बाबा टेबललॅम्प धरून शेजारी बसले होते. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत.

एवढं सगळं मांडवात टेबलावर तीन-चार तास मांडलेलं असायचं. बायका वाकून बघायच्या, "रुखवत कुणी केलं हो?" असं विचारायच्या, लहान मुलं बैलगाडीची चाकं काढायची. मग ते खोक्यात जायचं, खोकं सासरी, सासरचं शोकेस भरलं की माळ्यावर. चिंदोगूच्या दहा नियमांतला कुठला नियम याला लागू नाही? विकायचं नाही, वापरायचं नाही, पण करायचं मात्र खरंखुरं, काष्ट्यासकट. फक्त याला आमच्याकडे कोणी नसता उद्योग म्हणालं नाही. बाईने केलं की ती हौस. आणि तिच्या हौसेचा नंबर नेहमी स्वयंपाक, धुणीभांडी आणि बाबांच्या यंत्राने सांडलेलं दूध पुसून झाल्यावर लागायचा.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात दादा आणि मी साताऱ्याचा माळा साफ करायला घेतला. चिमणी सापडली, म्हणजे तिचे भाग सापडले. तारेचा घोडा, पितळी पट्टी, गंजलेली बेल. सुई नव्हती, ती आईने केव्हाच काढून घेतली असणार. झाकणही नव्हतं, ते वर्षानुवर्षं मेतकुटाच्या बरणीवर बसतंय, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि माझं रुखवत सापडलं. लग्नानंतर आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेलो, तिथे ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते इथेच राहिलं होतं. खोबऱ्याच्या वाट्या अर्थातच संपलेल्या. नवरा-नवरी ठीक होते. अंतरपाट पिवळा पडलेला. भटजीला मात्र भुंगा लागला होता; हातात घेतला तशी पोटातून तपकिरी भुकटी पडली आणि पागोट्याचा कागद बोटाला चिकटून आला. दादाने सरळ कचऱ्याची पिशवी पुढे केली.

आई खालून म्हणाली, "दाखव इकडे."

तिने ते हातात घेऊन उजेडात फिरवलं, फुंकर मारली आणि पदराला पुसून खिडकीत ठेवलं. आम्ही पुढचं खोकं उघडलं.

रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. आई ओट्याशी स्टूल घेऊन बसलेली, चष्म्यावर चष्मा. समोर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर फेविकॉलची बाटली, काळा दोरा, लाल कागद. हा कागद तिला रात्रीच्या अकराला कुठे मिळाला कोण जाणे. डाव्या हाताच्या चिमटीत नवी सुपारी होती आणि उजव्या हाताने ती काडी काजळात बुडवत होती. हात जरा थरथरत होता, म्हणून मनगट ओट्याच्या कडेला टेकवलेलं.

"कुणाचं लग्न काढलंयस?" मी विचारलं.

"कुणाचं नाही," ती मान वर न करता म्हणाली. "तो दिवा जरा इकडे धर. सावली पडतेय."